‘किती’चे इंग्रजी : लागेल की लागतील?

गेल्या रविवारी दुपारी माझी भाची इंग्रजीचा गृहपाठ घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती आणि मी तिच्या समोर ताटात तांदूळ निवडत होते. ती मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीत आहे. वहीच्या पानावर वरच्या बाजूला ठळक अक्षरांत नियम उतरवून घेतलेला होता: ‘जे मोजता येते त्याला हाउ मेनी, जे मोजता येत नाही त्याला हाउ मच.’ त्याखाली रिकाम्या जागा होत्या आणि पहिल्याच रिकाम्या जागेपुढे ‘राइस’ हा शब्द होता. तिने थोडा वेळ पेन्सिल चावली, मग माझ्या ताटातले चिमूटभर तांदूळ बोटाने एका कडेला ओढले, एकेक दाणा सरकवत वीसपर्यंत मोजले आणि म्हणाली, “मावशी, हे तर मोजता येतात. मग हाउ मेनी का नाही?”

तिच्या तर्कात काहीही खोट नव्हती. खोट त्या नियमात होती, आणि हा नियम आपल्या शाळांमध्ये इतकी वर्षे तसाच सांगितला जात आहे याचे मला खरोखर वाईट वाटते. मी सातवीत असताना ‘हाउ मेनी मनी’ असे लिहिले होते आणि त्यावर लाल शाईची फुली बसली होती. पैसे मोजता येत नाहीत हे मला कोणी पटवून देऊ शकले नसते, कारण आमच्या घरी महिन्याच्या एक तारखेला वडील ते दोनदा मोजत आणि मगच कपाटात ठेवत. त्या फुलीचे कारण वर्गात कोणी सांगितले नाही. ‘मनीला मच लागते, पाठ करून टाक’ एवढेच सांगितले गेले. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, म्हणजे आताची मुले माझ्यापेक्षा पुष्कळ आधी या वाक्यांना सामोरी जातात. तरीही त्या रविवारी माझ्या भाचीच्या वहीत तोच नियम होता आणि तिच्यापुढे तोच प्रश्न होता.

हा प्रश्न मुळात वस्तूचा नाही, शब्दाचा आहे. तांदळाचा दाणा मोजता येतो की नाही, याच्याशी इंग्रजीला काही देणेघेणे नसते. ‘राइस’ हा शब्द त्या भाषेत नेहमी एकवचनी ढिगासारखा वागतो, त्याचे अनेकवचन रोजच्या वापरात होत नाही आणि म्हणून त्याच्या मागे ‘हाउ मच’ येते, इतकीच खरी गोष्ट आहे. हे एकदा ध्यानात आले की पुढचा प्रश्न असा उभा राहतो: शब्दाचे हे वागणे मराठी मुलाने ओळखावे कसे? मला वाटते, त्याचे उत्तर आपल्याच भाषेत आहे आणि ते शिकवायला फार तर पाच मिनिटे लागतात.

आपला ‘किती’ हा शब्द बदलत नाही. हिंदीत कितना पानी, कितनी चीनी, कितने लोग असे रूप पालटते. संस्कृतात तर दोन निराळे शब्दच आहेत: संख्या विचारायची तर ‘कति’, जसे ‘कति फलानि’, आणि परिमाण किंवा किंमत विचारायची तर ‘कियत्’, जसे ‘कियत् मूल्यम्’. आठवीत संस्कृत घेणाऱ्या मुलांना हे दोन शब्द भेटतात, पण त्यांची इंग्रजीतल्या जोडीशी कोणी गाठ घालून देत नाही. मराठीत मात्र किती पाणी, किती साखर, किती माणसे, किती खुर्च्या, सगळीकडे तोच एक ‘किती’ असतो. त्यामुळे मराठीत हा भेदच नाही, असा आपला समज होतो. भेद आहे. तो ‘किती’मध्ये दिसत नाही, वाक्याच्या शेवटी क्रियापदात दिसतो.

मी भाचीला म्हटले, “समज, घरी पाहुणे येणार आहेत आणि तू आजीला विचारते आहेस. साखर किती...?” ती लगेच म्हणाली, “लागेल?” मी म्हटले, “अंडी किती...?” “लागतील?” दूध किती लागेल, ताटे किती लागतील, वेळ किती लागेल, माणसे किती लागतील, अशी आमची दहा-बारा वाक्ये झाली आणि एकाही ठिकाणी तिला विचार करावा लागला नाही. हे ज्ञान तिला तीन-चार वर्षांची असल्यापासून आहे. जिथे तोंडून ‘लागेल’ येते तिथे बहुतेक वेळा ‘हाउ मच’, आणि जिथे ‘लागतील’ येते तिथे बहुतेक वेळा ‘हाउ मेनी’. शुगर, मिल्क, टाइम एका बाजूला गेले, एग्ज, प्लेट्स, पीपल दुसऱ्या बाजूला गेले. ‘माहिती किती लागेल’ आणि ‘सामान किती लागेल’ यांनी तर पुष्कळ मोठ्या माणसांनाही चकवणारे इन्फर्मेशन आणि लगेज हे दोन शब्द आपोआप योग्य जागी बसवले.

अर्थात ‘बहुतेक वेळा’ हे शब्द मी जाणूनबुजून वापरले आहेत, कारण मराठी आणि इंग्रजी यांनी आपापल्या रेघा वेगवेगळ्या ठिकाणी ओढल्या आहेत. तांदूळ आपल्याकडे अनेकवचनी आहेत: तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, तांदूळ किती लागतील. गहू, पोहे, पैसे, केस, पाव, दागिने, बातम्या आणि पुरावे यांचेही तसेच आहे. इंग्रजीत मात्र राइस, व्हीट, मनी, हेअर, ब्रेड, ज्वेलरी, न्यूज आणि एव्हिडन्स हे सारे ‘हाउ मच’च्या घरचे आहेत. मराठी मुलांच्या चुका नेमक्या याच शब्दांवर होतात, आणि त्या अज्ञानातून होत नाहीत, तर मातृभाषेच्या बिनचूक जाणिवेतून होतात. ‘हाउ मेनी मनी’ लिहिणाऱ्या मुलाच्या डोक्यात ‘किती पैसे लागतील’ हे शुद्ध मराठी वाक्य असते. त्याच्या चुकीवर फुली मारण्याऐवजी ‘इथे आपल्याकडे लागतील आहे आणि त्यांच्याकडे लागेल आहे’ एवढे सांगितले, तर तो शब्द त्याच्या कायमचा लक्षात राहील, असा माझा अनुभव आहे. असे रोजच्या वापरातले शब्द बारा-पंधराच आहेत. पाठ करायचेच असेल तर एवढेच करावेत, बाकीचे क्रियापदावर सोपवावेत.

भाचीने यावर फार चांगली शंका काढली. तिचे म्हणणे असे की गहू आणि ज्वारी ही दोन्ही धान्येच आहेत, दोन्ही दळायला जातात, मग आपण ‘गहू दळले’ आणि ‘ज्वारी दळली’ असे वेगळे का म्हणतो? याचे उत्तर, ‘भाषेला तसे वळण पडले’ याहून निराळे देता येत नाही. शेंगदाणे भाजले, तीळ भाजले, पण मोहरी फोडणीला टाकली आणि साबुदाणा भिजवला. मोहरीचा दाणा तिळाहून फारसा निराळा नाही, तरी एक ढीग झाली आणि दुसरे दाणे राहिले. इंग्रजीतही राइस ढीग आहे, बीन्स दाणे आहेत. त्या भाषेत तर एक शब्द रेघ ओलांडून पलीकडे गेलेला आहे. वाटाण्याला पूर्वी ‘पीज’ असा एकवचनी शब्द होता आणि तो आजच्या व्हीटसारखाच ढिगाचा शब्द म्हणून वापरत. त्याच्या शेवटचा उच्चार लोकांना अनेकवचनाच्या प्रत्ययासारखा वाटू लागला, आणि सतराव्या शतकाच्या सुमारास ‘पी’ हे नवे एकवचन त्यातून काढले गेले. तेव्हापासून वाटाणे मोजण्याजोगे झाले. वाटाणा तोच राहिला, शब्द तेवढा बदलला.

याहून मला जवळचे वाटणारे उदाहरण कांद्याचे आहे. लासलगावच्या बाजारात शेतकरी एकमेकांना ‘यंदा कांदा किती निघाला’ असे विचारतात. तिथे ट्रॅक्टरभर कांदा असला तरी शब्द एकवचनी असतो आणि उत्तर क्विंटलमध्ये येते. आपण घरी भाजी करताना विचारतो ते ‘कांदे किती घेऊ’, आणि उत्तर येते ‘दोन’. एकच कांदा शेतात ढीग आहे आणि विळीवर नग आहे. इंग्रजीतही ‘हाउ मेनी अनियन्स’ म्हणजे आख्खे कांदे, आणि ते चिरून झाल्यावर भांड्यात घालताना ‘हाउ मच अनियन’. सभेला ‘किती माणूस लोटला होता’ असे आपण म्हणतो, तेव्हा माणसांचाही आपण ढीगच केलेला असतो, आणि या एका वाक्याचे इंग्रजी करताना मात्र ‘हाउ मेनी पीपल’ असेच करावे लागते. मोजणे किंवा न मोजणे हे त्या वस्तूत नसून आपण तिच्याकडे कसे पाहतो आहोत यात असते, हे मुलांना कांद्यावरून जितके लवकर कळते तितके व्याकरणाच्या व्याख्येवरून कळत नाही.

ढिगाला मोजायचे असेल तर माप मध्ये आणावे लागते, आणि मग प्रश्न मापाचा होतो. ‘हाउ मच राइस’ आणि ‘हाउ मेनी किलोज ऑफ राइस’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत, कारण दुसऱ्यात आपण तांदूळ मोजत नसून किलो मोजतो. पाण्याचे ग्लास, दुधाचे लिटर, पावाचे तुकडे, पैशांचे रुपये यांना ‘हाउ मेनी’ लागते. ‘हाउ मच मनी’ पण ‘हाउ मेनी रुपीज’ हे भाचीला चमत्कारिक वाटले, पण वाटी पुढे ठेवून ‘तांदूळ’ आणि ‘वाट्या’ हे दोन शब्द वेगळे करून दाखवल्यावर तिची अडचण उरली नाही.

बाजारातला प्रश्न स्वतंत्रपणे शिकवायला हवा, कारण तिथे वरचे सगळे नियम शिकलेले मूलही अडखळते. ‘कांदे कसे दिले?’ याचे इंग्रजी ‘हाउ मच आर द अनियन्स?’ असे होते. अनियन्स अनेकवचनी आहेत म्हणून ‘आर’ आले, पण विचारतो आहोत ती किंमत, आणि किंमत म्हणजे पैसे, म्हणून ‘मच’ आले. आपण ‘कसे’, ‘केवढ्याला’, ‘कितीला’ असे निरनिराळे शब्द वापरून किंमत आणि संख्या यांची गल्लत टाळतो. इंग्रजीत नुसते ‘हाउ मच?’ म्हटले की दुकानदार भाव सांगतो आणि नुसते ‘हाउ मेनी?’ असे त्याने विचारले की आपण नग सांगायचे असतात. हापूस घेताना ‘डझन कसा दिला’ हे वाक्य ‘हाउ मच अ डझन?’ इतके सोपे होऊन जाते.

जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘मच’ हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या ‘मोठा’ या अर्थाच्या शब्दापासून आलेला आहे. म्हणजे मुळात तो आपल्या ‘किती’पेक्षा ‘केवढा’ला अधिक जवळचा होता. ‘काल पाऊस केवढा झाला’ असे म्हणताना आपण पावसाचे थेंब मोजत नाही, त्याचा आकार विचारतो. ‘हाउ मच रेन’ म्हणताना इंग्रज माणूसही तेच करतो. हे कळल्यापासून मी मुलांना शिकवताना ‘हाउ मच’चा पहिला अर्थ ‘केवढे’ असाच सांगते.

आता वाक्याच्या बांधणीकडे वळते, कारण ‘मच’ आणि ‘मेनी’ यांची निवड बरोबर करूनही पुढचे वाक्य मोडलेले मी नेहमी पाहते. मराठीत ‘तू किती पाणी पितोस’, ‘तू पाणी किती पितोस’ आणि ‘पाणी किती पितोस तू’ ही तिन्ही वाक्ये चालतात. इंग्रजी हे स्वातंत्र्य देत नाही. तिथे ‘हाउ मच’ आणि ‘वॉटर’ यांची ताटातूट करता येत नाही. ती जोडी एकत्रच वाक्याच्या आरंभी जाते आणि मग ‘डू यू ड्रिंक’ येते. ‘हाउ मच यू ड्रिंक वॉटर’ हे वाक्य मराठी शब्दक्रमाच्या सवयीतून जन्माला येते.

त्यातही ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ केव्हा घ्यायचे आणि केव्हा नाही, ही खरी अवघड जागा आहे. ‘तू किती आंबे खाल्लेस?’ याला ‘हाउ मेनी मँगोज डिड यू ईट?’ असे ‘डिड’ लागते, पण ‘किती आंबे पडले?’ याला नुसते ‘हाउ मेनी मँगोज फेल?’ पुरते. पहिल्या वाक्यात खाणारा दुसरा कोणी आहे आणि आंबे हे कर्म आहे, तर दुसऱ्यात पडणारे स्वतः आंबेच आहेत, म्हणजे ज्यांची संख्या विचारतो आहोत तेच कर्ता आहेत. कर्त्याचीच संख्या विचारायची असेल तर ‘डिड’ची गरज पडत नाही. मुलांना मी ‘काम कोणी केले ते शोध, आणि ते किती आहेत हेच विचारले असेल तर मधला शब्द घालू नकोस’ असे सांगते.

दुसरी अवघड जागा आपल्या ‘आहे’ची आहे. ‘तुला किती भाऊ आहेत?’ याचे शब्दाला शब्द ठेवून ‘हाउ मेनी ब्रदर्स आर यू?’ असे होते, आणि त्याचा अर्थ भलताच निघतो. आपल्या ‘ला’ आणि ‘कडे’ मागून येणाऱ्या ‘आहे’ला इंग्रजीत ‘हॅव’ म्हणतात, म्हणून ‘हाउ मेनी ब्रदर्स डू यू हॅव?’ आणि ‘हाउ मच मनी डू यू हॅव?’ अशी वाक्ये होतात. वर्गात, गावात, डब्यात अशा ठिकाणी असलेल्या वस्तूंची संख्या विचारताना मात्र ‘हाउ मेनी गर्ल्स आर देअर इन युअर क्लास?’ असे ‘आर देअर’ येते, आणि तो ‘देअर’ आपल्याकडे नसल्यामुळे हमखास गळतो.

प्रत्येक ‘किती’ला ‘हाउ’ लागतोच असेही नाही. किती वाजले, आज तारीख किती, किंमत किती, लोकसंख्या किती, तापमान किती, फोन नंबर किती, या सर्वांना इंग्रजीत ‘व्हॉट’ लागतो. किंमत, लोकसंख्या, तापमान ही मुळात मापांचीच नावे आहेत, आणि मापाचे नाव घेतले की इंग्रजी ‘काय’ असे विचारते. वस्तूचे नाव घेतले आणि गुण विचारला की मग ‘हाउ’ येतो. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे. तिच्याविषयी ‘व्हॉट इज द हाइट ऑफ कळसूबाई?’ असे विचारता येते आणि ‘हाउ हाय इज कळसूबाई?’ असेही विचारता येते, पण ‘हाउ मच हाइट’ असे विचारत नाहीत.

वेळेच्या बाबतीत मराठीची एक काना-मात्रेची नजाकत मला फार आवडते. ‘किती वेळ’ म्हणजे हाउ मच टाइम किंवा हाउ लाँग, आणि ‘किती वेळा’ म्हणजे हाउ मेनी टाइम्स किंवा हाउ ऑफन. एका कान्याने ढिगाची संख्या होते, आणि इंग्रजीत तेच काम शेवटचा ‘स’ करतो. दवाखान्यात ‘किती दिवसांपासून ताप आहे?’ हा प्रश्न आपल्याकडे शिकलेली माणसेही ‘सिन्स हाउ मेनी डेज’ असा विचारतात, आणि तो आपल्या ‘पासून’चा सरळ तर्जुमा आहे. परदेशात असलेल्या मराठी माणसाने तिथल्या डॉक्टरकडून ‘हाउ लाँग हॅव यू हॅड द फीव्हर?’ हे वाक्य ऐकले की त्याला त्यात ‘किती’, ‘दिवस’ आणि ‘पासून’ यांपैकी एकही शब्द ओळखू येत नाही, पण प्रश्न तोच असतो. गोळी दर किती तासांनी घ्यायची, यालाही ‘हाउ ऑफन’ पुरते.

गृहपाठ संपत आला होता. राइससमोर तिने ‘हाउ मच’ लिहिले आणि कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरांत ‘त्यांचे लागेल’ अशी खूण केली. मग वही मिटता मिटता तिने विचारले, “मावशी, मी आजीचं कितवं नातवंड? हे इंग्रजीत कसं विचारायचं?” इथे मात्र मला थांबावे लागले, कारण ‘कितवा’ या शब्दाला इंग्रजीत सुटसुटीत एका शब्दाचा पर्यायच नाही. पहिला, दुसरा, पाचवा असे क्रमाचे शब्द त्या भाषेत आहेत, पण त्यांच्याविषयी प्रश्न विचारणारा शब्द तिने घडवला नाही. ‘तू कितवीत आहेस?’ याला ‘व्हिच स्टँडर्ड’ असे म्हणून निभावता येते, कारण तिथे इयत्ता आधीच ठरलेल्या असतात. नातवंडांचे तसे नाही. मी तिला सांगितले की अशा वेळी प्रश्न फिरवून विचारावा लागतो: आपल्या आधी किती जण होते ते विचारायचे आणि उत्तरात एक मिळवायचा.

तिने वही पुन्हा उघडली. शेवटच्या पानावर, नियमापासून लांब, तिने स्वतःचे वाक्य लिहिले: ‘हाउ मेनी ग्रँडचिल्ड्रन डिड आजी हॅव बिफोर मी?’ ‘डिड’ तिने आधी लिहिला नव्हता. एकदा वाचून पाहिल्यावर तिने तो दोन शब्दांच्या मध्ये, वरच्या बाजूला, छोट्या बाणाने घातला. मग बोटांवर भावंडे मोजली, खाली ‘फोर’ असे लिहिले आणि आजीला दाखवायला वही घेऊन बाहेरच्या खोलीत गेली.